नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी: टीजीची वही आणि कोर्स फाईल पहिल्या सत्रापासून कशी चालवायची

मराठवाड्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा तंत्रनिकेतनात तुम्ही रुजू झालात, की पहिल्या आठवड्यातच एचओडी (विभागप्रमुख) दोन कागद हातात देतात. एकावर साधारण वीसेक विद्यार्थ्यांची नावं असतात. ही तुमची टीजी बॅच, म्हणजे तुम्ही या मुलांचे पालक शिक्षक. काही कॉलेजांत याला जीएफएम म्हणतात, काही ठिकाणी सरळ मेंटॉर. दुसरा कागद कोर्स फाईलच्या मुद्द्यांचा: टीचिंग प्लॅन, सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे विषयाची अपेक्षित फलितं), मॅपिंग, प्रश्नपत्रिका, अटेनमेंट (ती फलितं किती गाठली याचा हिशेब), कृती अहवाल. बहुतेक नवे शिक्षक पहिला कागद ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि दुसऱ्याची धास्ती घेतात.

ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानत नाही. वर्गातली किती मुलं मागे पडली हे कोर्स फाईल सांगते, का पडली हे टीजीच्या वहीत सापडतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय पहिल्याच सत्रात लागली, तर नॅक-एनबीएचं, म्हणजे कॉलेजची आणि शाखांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थांचं काम वर्षाच्या शेवटी अंगावर येत नाही. मुख्य म्हणजे मुलांचं भलं होतं.

पायरी १: आपलं कॉलेज कोणाला उत्तर देतं ते माहीत करून घ्या

तंत्रनिकेतनात असाल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. तिचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. सध्याच्या के स्कीममध्ये (अभ्यासक्रमाच्या आराखड्यात) थिअरीच्या विषयाला ३० गुणांच्या दोन क्लास टेस्टची सरासरी आणि ७० गुणांची सत्रान्त परीक्षा, असा मेळ असतो. पदवीच्या कॉलेजात असाल तर बहुधा लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, म्हणजे मुलांच्या तोंडचं ‘बाटू’. तिथे २० गुण सातत्यपूर्ण मूल्यमापनाला, २० मिड सेमला, ६० एंड सेमला. २०१७ च्या आधी आपल्याकडची कॉलेजं संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे कपाटातल्या जुन्या फायली नमुना म्हणून काढल्यात तर त्यातली गुणांची विभागणी जशीच्या तशी उचलू नका. नांदेडचं एसजीजीएस किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी यांच्यासारख्या स्वायत्त संस्थेत असाल, तर अभ्यासक्रमच तुमचं बोर्ड ऑफ स्टडीज ठरवतं आणि जबाबदारी आणखी वाढते.

नॅक आणि एनबीए यांच्यात नवे लोक हमखास गोंधळतात. दोन्ही संस्था १९९४ सालच्या. नॅक पूर्ण संस्थेकडे बघतं, एनबीए एकेका शाखेकडे. म्हणून कॉलेजला नॅकची श्रेणी असली तरी तुमच्या मेकॅनिकल किंवा सिव्हिलला एनबीए मिळालेलं असेलच असं नाही. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा कायम सदस्य झाला. त्यानंतर एनबीएचा सगळा भर ‘काय शिकवलं’ यापेक्षा ‘मुलाला काय येऊ लागलं’ यावर आला. स्वायत्त संस्था टियर-१ मध्ये येतात, संलग्न कॉलेजं टियर-२ मध्ये. कराराखालची आंतरराष्ट्रीय मान्यता टियर-१ च्या मान्यताप्राप्त शाखांनाच लागू होते, हे मुलांना आणि पालकांना खरं सांगा. प्रवेशाच्या हंगामात यावर फार मोघम बोललं जातं.

कॉलेजात या सगळ्याचं केंद्र म्हणजे आयक्यूएसी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. तिच्या समन्वयकांना पहिल्याच आठवड्यात भेटा आणि तुमच्या विभागाचे चालू वर्षाचे फॉरमॅट मागून घ्या. दरवर्षी नॅकला जाणाऱ्या वार्षिक गुणवत्ता अहवालात तुमच्या वर्गाची माहितीही जाते. एआयसीटीईचं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं) नव्या शिक्षकांसाठीचं आठ मॉड्यूलचं एनआयटीटीटी प्रशिक्षण स्वयम पोर्टलवर आहे. त्याची नोंदणीही याच महिन्यात करून टाका.

पायरी २: वीस मुलांची खरी ओळख

छापील टीजी फॉर्ममध्ये नाव, पत्ता, रक्तगट, दहावी-बारावीचे गुण, पालकांचा मोबाईल एवढंच असतं. ते भरून घ्या, पण त्यावर थांबू नका. प्रत्येक मुलाला वेगळा वेळ द्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. स्टाफरूममध्ये चार सहकाऱ्यांसमोर बसवून विचारलं तर मुलगा ‘सगळं ठीक आहे सर’ म्हणतो आणि उठतो. रिकाम्या लॅबमध्ये किंवा कँपसमधल्या झाडाखाली बसलात तर बोलतो.

या गोष्टी समजल्याच पाहिजेत. रोज कुठून येतो? गावाहून एसटीने येत असेल तर पहिली गाडी किती वाजता लागते आणि शेवटची कधी सुटते? सकाळच्या पहिल्या तासाला कायम गैरहजर असलेल्या मुलाचं गाऱ्हाणं बऱ्याचदा एसटीच्या वेळापत्रकाशी असतं. बारावीपर्यंत माध्यम कोणतं होतं? तो दहावीनंतर पदविकेला आला, बारावी करून पदवीला आला, की पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला? घरात इंजिनिअरिंगला येणारा हा पहिलाच का? फी कोण भरतंय, आणि कर्ज काढून भरतंय का? दिलेला मोबाईल नंबर नेमका कोणाचा आहे?

हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा. बीड जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कितीतरी मुलांचे आई-वडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत फडावरच असतात. हे महिने म्हणजे पहिल्या सत्राचा शेवट आणि दुसऱ्या सत्राची सुरुवात. तुम्ही जानेवारीत पालक मेळावा ठेवलात आणि हजेरीपत्रकावर चार सह्या झाल्या, तर ‘पालकांना मुलांची पर्वा नाही’ असा शेरा कृपया लिहू नका. मेळावा पोळ्याच्या आधी घ्या. ते जमत नसेल तर गावात राहिलेली आजी, चुलता, मोठी बहीण यांपैकी एकाचा नंबर आधीच घेऊन ठेवा. फडावर फोन करायचा तर रात्री आठनंतर करा. दिवसा केलात तर ‘सर, इथं रेंजच येत न्हाई, लेकराला तुमीच समजून सांगा’ एवढंच ऐकू येईल आणि बोलणं तुटेल. रात्री तीच आई निवांत बोलते, आणि मुलाबद्दल असं काही सांगून जाते जे कोणत्याही फॉर्ममध्ये मावत नाही.

पालकांशी बोलताना पहिला फोन चांगल्या कारणासाठी करा. ‘मी तुमच्या मुलीची टीजी बोलतेय, तिचं पहिलं सबमिशन वेळेत झालं’ एवढं सांगायलाही चालतं. पहिला फोन डिफॉल्टर लिस्टचा (हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीचा) असेल तर पुढचे फोन उचलले जात नाहीत. पालकांना ‘तुमचा वॉर्ड’ म्हणू नका, नावाने बोला. वडील ‘साहेब, साहेब’ करत असतील तर त्यांना शेजारी खुर्ची द्या.

आता कागदपत्रं. हे काम विद्यार्थी विभागाचं असलं तरी टीजीने हात घातल्याशिवाय होत नाही. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप होत नाही, आणि इथेच मुलं चुकतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेअर, जात वैधता, आधारशी जोडलेलं बँक खातं यांतलं काय बाकी आहे, ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. गावाकडच्या पुष्कळ घरांत ही बातमी अर्धवटच पोचली आहे. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. बाहेर खोली करून राहणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. तुमच्या वीसांपैकी कोण कशात बसतं, ते शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकांबरोबर बसून एकदा तपासा. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला यातलं आपल्यापेक्षा खूप जास्त कळतं, आणि आदराने विचारलं तर ते मनापासून सांगतात.

वहीचे दोन भाग ठेवा. एक भाग विभागाच्या फाईलला जाणारा: भेटीची तारीख, हजेरी, बॅकलॉग, ठरलेली कृती, मुलाची सही. दुसरा फक्त तुमचा. घरातलं भांडण, वडिलांचं व्यसन, मुलीच्या लग्नाची घाई, असल्या गोष्टी तपासणीला येणाऱ्या कमिटीसमोर उघडल्या जाणाऱ्या फाईलमध्ये कधीही लिहायच्या नाहीत. तिथे ‘वैयक्तिक अडचण, समुपदेशकांकडे पाठवले’ एवढं पुरेसं आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पायरी ३: सत्र सुरू होण्याआधी कोर्स फाईल

मी सिव्हिलची, म्हणून उदाहरण भू-तंत्र अभियांत्रिकीचं देते. तुमचा विषय वेगळा असला तरी रीत तीच.

एका विषयाला चार ते सहा सीओ पुरतात. सीओ म्हणजे विषय संपल्यावर मुलगा काय करू शकेल, याचं वाक्य. ‘मातीचे गुणधर्म समजून घेणे’ हा सीओ तपासता येत नाही, कारण समजलं की नाही हे मोजायचं कसं? त्याऐवजी असं लिहा: ‘मातीच्या नमुन्याची द्रव मर्यादा आणि सुघट्यता मर्यादा प्रयोगाने काढून मातीचं वर्गीकरण करता येईल.’ आता प्रश्न विचारता येतो, प्रॅक्टिकल घेता येतं, गुण देता येतात. कासाग्रांदेच्या उपकरणावर २५ ठोक्यांना किती पाणी, हे मुलाने स्वतः काढलं की नाही ते जर्नलमध्ये दिसतं. आपल्याकडे तर नमुना शोधायलाही जावं लागत नाही. कॉलेजच्या कुंपणाबाहेरची काळी माती आणा. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती मुलांनी घराच्या भिंतींना गेलेल्या तड्यांत पाहिलेली असते. त्या तड्यापासून सुरुवात केली, तर फ्री स्वेल इंडेक्सचं सूत्र पाठ करून घ्यावं लागत नाही.

विद्यापीठाने किंवा एमएसबीटीईने अभ्यासक्रमात सीओ छापून दिलेले असतील तर तेच घ्या. अगदीच मोघम असतील तर विभागाच्या बैठकीत चर्चा करून नेमके करा आणि त्या बैठकीचं इतिवृत्त ठेवा.

त्यानंतर पीओशी मॅपिंग, म्हणजे पदवी किंवा पदविका संपताना विद्यार्थ्याकडून अपेक्षित असलेल्या फलितांशी (प्रोग्राम आउटकम) प्रत्येक सीओची जोड. पदवीसाठी एनबीएचे पीओ आधी १२ होते, नव्या चौकटीत ११ झाले आहेत. पदविकेला ७ आहेत. तुमच्या शाखेला सध्या कोणती चौकट लागू आहे, ते एनबीए समन्वयकांना विचारा. तक्त्यात प्रत्येक ठिकाणी १, २ किंवा ३ लिहायचं असतं. संबंध नसेल तिथे डॅश. नवे शिक्षक घाईने सगळीकडे ३ भरतात. असा तक्ता पाहिला की अनुभवी तज्ज्ञाचा पहिलाच प्रश्न येतो: ‘मातीच्या वर्गीकरणातून आर्थिक व्यवस्थापनाचं कौशल्य एवढं जोरात कसं येतं?’ प्रत्येक आकड्यामागे एक ओळीचं कारण लिहा. कारण सुचत नसेल तर तिथे डॅश टाकायचा.

टीचिंग प्लॅनमध्ये ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष शिकवल्याची तारीख, असे दोन रकाने ठेवा. गणपती, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, दसरा, दिवाळी हे सगळं आधीच कॅलेंडरवर मांडा, म्हणजे तिसरं युनिट कुठे अडकणार ते ऑगस्टमध्येच दिसतं. दोन रकान्यांतल्या तारखा कधी जुळत नाहीत, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. फरक का पडला आणि जादा तास कधी घेतला, तेवढं समोर लिहा.

पायरी ४: प्रश्नपत्रिका आणि भाषा

मिड सेमच्या किंवा क्लास टेस्टच्या प्रत्येक प्रश्नापुढे सीओचा क्रमांक आणि ब्लूमची पातळी लिहा. आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, अशा त्या पायऱ्या. सगळी प्रश्नपत्रिका ‘व्याख्या लिहा, टीपा द्या’ अशी असेल तर निकाल चांगला लागतो, पण मुलाला गणित येतं का ते कळत नाही. सहकाऱ्याकडून पेपर तपासून घ्या. स्क्रुटिनीची सही हा उपचार समजू नका.

आता भाषेबद्दल थोडं सविस्तर. आपल्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं भरपूर असतात. त्यांना विषय जड जात नाही, प्रश्नाचं इंग्रजी वाक्य जड जातं. तास मराठीत समजावून सांगा, पण संज्ञा इंग्रजीच ठेवा आणि त्या फळ्यावर लिहा, कारण मुलाखतीत आणि कंपनीत त्याच लागणार आहेत. पहिल्या महिन्यात रोजच्या तासाचे पाच-सहा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात तसेच राहू द्या. एआयसीटीईने तांत्रिक विषयांची मराठी पुस्तकं काढली आहेत. ती ग्रंथालयात मागवून घ्या. उत्तरपत्रिका दाखवताना एवढंच पाहा की मुलगा पायरी चुकला की वाक्य चुकलं. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, आणि हे वहीत नोंदवण्यासारखं आहे.

पायरी ५: अटेनमेंट काढा, आणि मग वही उघडा

इथे सगळ्यांना घाम फुटतो, पण गणित साधं आहे. समजा वर्गात ६० मुलं. विभागाने ठरवलंय की ६०% किंवा जास्त गुण मिळवणारी मुलं निम्मी असतील तर पातळी १, साठ टक्के असतील तर २, सत्तर टक्के असतील तर ३. मिड सेममध्ये सीओ-२ च्या प्रश्नाला ३३ मुलांनी तेवढे गुण मिळवले. म्हणजे ५५%, पातळी १. विद्यापीठाच्या परीक्षेचे प्रश्नवार गुण संलग्न कॉलेजाला मिळत नाहीत, म्हणून पूर्ण विषयाची पातळीच सगळ्या सीओंना लावतात. ती आली २. तुमच्या विभागाने अंतर्गतला ४० आणि विद्यापीठाला ६० टक्के भार दिला असेल, तर ०.४ गुणिले १ अधिक ०.६ गुणिले २, म्हणजे १.६. सत्राच्या शेवटी मुलांकडून घेतलेल्या सर्वेक्षणाची पातळी २.५ निघाली. थेट मोजणीला ८० आणि सर्वेक्षणाला २० टक्के धरलं तर १.२८ अधिक ०.५, म्हणजे १.७८. लक्ष्य होतं २. सीओ-२ गाठला गेला नाही.

या टप्प्यावर दोन वाटा फुटतात. एक सोपी: पुढच्या वर्षी लक्ष्य १.७ करायचं आणि ‘साध्य’ लिहून मोकळं व्हायचं. दुसरी वाट म्हणजे मागे राहिलेल्या त्या २७ मुलांची यादी काढायची आणि टीजीची वही उघडायची.

यादीत नावं एकाखाली एक लिहिली की चित्र दिसू लागतं. त्यातली बरीच नावं थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या डीएसईच्या मुलांची असू शकतात. कॅपच्या फेऱ्या लांबल्यामुळे ती वर्गात आली तेव्हा पहिलं युनिट संपून दुसरं सुरू झालेलं असतं. वर त्यांचं पदविकेतलं गणित वेगळं, त्यामुळे एम-३ (गणित-३) मध्येही ती अडखळतात. काही नावं अशी असतात ज्यांची हजेरी नोव्हेंबरपासून घसरलेली आहे. आई-वडील फडावर गेले आणि धाकट्या भावंडांचं बघायला घरी कोणी नाही. काही मुलं रात्रपाळीला कामाला जातात. आणि काही मुलांना खरोखर तो भागच समजलेला नसतो, म्हणजे आपलं शिकवणं कमी पडलं.

चार कारणं, चार उपाय. डीएसईच्या मुलांसाठी प्रवेशानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ब्रिज तास (सुटलेला भाग भरून काढणारे) लावा आणि त्याचं वेळापत्रक एचओडींच्या सहीने काढा. भावंडांचं बघणाऱ्या मुलीला प्रॅक्टिकलची बॅच बदलून दुपारची द्या. कामाला जाणाऱ्या मुलाला त्याच्या सवडीचा ट्युटोरियल तास द्या. ज्यांना समजलंच नाही त्यांच्यासाठी तो भाग वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवा, नमुना हातात देऊन. मग सीओ-२ वर एक छोटी चाचणी घ्या. हे सगळं तारखांसह एका पानावर लिहिलं की झाला तुमचा कृती अहवाल. ‘जादा असाइनमेंट देण्यात आल्या’ असं एक वाक्य वर्षानुवर्षं कॉपी होत राहतं, त्याच्यापेक्षा हे एक पान कितीतरी मोलाचं आहे. पुढच्या वर्षी त्याच सीओचा आकडा थोडा जरी वर आला, तरी सतत सुधारणा यालाच म्हणतात, आणि कमिटीला नेमकं तेच बघायचं असतं.

पायरी ६: काही गोष्टी तुमच्या हातच्या नाहीत, त्या ओळखा

टीजी म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. मुलगा आठ-दहा दिवस वर्गात नाही, मेस बंद केली, मित्रांशी बोलणं तोडलं, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलतो, तर उपदेश करत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी समुपदेशक, एचओडी आणि घरचे यांना कळवा. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलते. ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असं मुलगा विचारेल. तेव्हा खरं उत्तर द्या: ‘तुझ्या जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल, बाकी आपल्या दोघांत.’ इयर डाऊन झालेल्या, म्हणजे वर्ष मागे पडलेल्या मुलांवर पहिल्या महिन्यात विशेष लक्ष असू द्या. वर्गमित्र पुढे गेलेले असतात, आणि गावात काय सांगायचं हा प्रश्न त्यांना खातो.

रॅगिंगची तक्रार आली तर आपसात मिटवायची नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तक्रार लेखी घ्या, प्राचार्यांकडे द्या. मुलीने छळाबद्दल सांगितलं तर ते प्रकरण अंतर्गत समितीकडेच जातं. तुम्ही चौकशी करायची नाही, समोरच्याला बोलावून समज द्यायची नाही. मुलीला समितीपर्यंत सोबत करा.

पायरी ७: सल्लागार मंडळाची बैठक

प्रत्येक विभागाचं सल्लागार मंडळ असतं: उद्योगातले लोक, माजी विद्यार्थी, बाहेरचे प्राध्यापक. नव्या शिक्षकावर बहुतेक वेळा इतिवृत्त लिहायचं काम येतं. ते आनंदाने घ्या, कारण शिकायला मिळतं. वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीतले अभियंते किंवा जालन्याच्या स्टील उद्योगातले व्यवस्थापक वेळ काढून येतात. त्यांच्यासमोर तासभर विभागाची चित्रफीत लावू नका. तीन नेमके प्रश्न आधी पाठवा. गेल्या वर्षी घेतलेल्या आमच्या मुलांना काय आलं नाही? कोणतं सॉफ्टवेअर आता तुम्ही वापरत नाही? इंटर्नशिपला मुलं पाठवताना आम्ही त्यांना काय शिकवून पाठवावं? उत्तरं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत घ्या, आणि पुढच्या बैठकीत पहिला मुद्दा ‘मागच्या सूचनांचं काय केलं’ हाच ठेवा. संलग्न कॉलेजाला अभ्यासक्रम बदलता येत नाही, पण त्यात राहिलेली उणीव अतिथी व्याख्यान, कार्यशाळा, प्रकल्पाचा विषय यांतून भरता येते. ती ‘अभ्यासक्रमापलीकडचं’ म्हणून फाईलमध्ये येते.

पायरी ८: ऑडिट आणि कमिटी

आयक्यूएसीचं अंतर्गत ऑडिट सत्रात किमान एकदा होतं, एमएसबीटीईचं बाह्य शैक्षणिक परीक्षण वेगळं. ऑडिट करणारे सहकारी चुका काढायला आले आहेत असं धरून बसलात तर त्याचा काही उपयोग होत नाही. त्यांनी लिहिलेली त्रुटी पंधरा दिवसांत दुरुस्त करून त्याच कागदावर नोंद करा.

एनबीएची टीम येते तेव्हा मागच्या तीन वर्षांचा विदा बघते. ती विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक आणि कंपन्यांशी वेगळं बोलते, तुम्हाला बाहेर थांबवून. ‘तुझे टीजी कोण? शेवटचे कधी भेटले?’ हा प्रश्न हमखास येतो. वहीत दर महिन्याला भेट लिहिली असेल आणि मुलाला टीजीचं नावच सांगता आलं नाही, तर पुढच्या कोणत्याच फाईलवर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मागच्या तारखा टाकून वह्या भरणं, वीसही सह्या एका बैठकीत घेणं, दुसऱ्याच्या बॅचचे शेरे उतरवून काढणं, यातलं काहीही करू नका. वरिष्ठांनी सांगितलं तरी नम्रपणे ‘सर, जेवढ्या भेटी झाल्या तेवढ्याच लिहिते’ म्हणा. सहाऐवजी चारच भेटी असतील तर चार दाखवा. चार खऱ्या भेटींबद्दल मुलगा स्वतः बोलतो.

तुम्हाला प्रश्न विचारला गेला तर छोटं उत्तर द्या आणि फाईल उघडून पान दाखवा. माहीत नसेल तर ‘समन्वयकांकडे आहे, मागवते’ म्हणा.

पायरी ९: वर्ष संपताना

पुढच्या वर्षी तुमची बॅच दुसऱ्या शिक्षकांकडे जाईल किंवा तुमच्याकडे नवी येईल. निकाल लागल्याच्या आठवड्यात एक बैठक करा आणि प्रत्येक मुलाबद्दल तीन ओळी पुढच्या टीजींना द्या: कोणत्या विषयाचा बॅकलॉग आहे, कोणता अर्ज किंवा दाखला बाकी आहे, घरी कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळी बोलणं होतं. वहीचा खाजगी भाग देऊ नका. मुलाला विचारून त्याने हो म्हटलं तेवढंच तोंडी सांगा. कोर्स फाईलही तशीच. पुढच्या वर्षी हा विषय ज्यांच्याकडे आहे त्यांना कृती अहवालाचं पान काढून द्या आणि सीओ-२ वर कोणता उपाय लागू पडला, कोणता नाही, ते समोर बसून सांगा. उन्हाळी सुट्टीत महाडीबीटी, जात पडताळणी आणि परीक्षा अर्जाच्या तारखा बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर टाकत राहा. त्या गटातून तुमचं नाव नवे टीजी येईपर्यंत काढू नका.